गाडीची माणसाला धडक बसली तर पुढं काय करायचं? बाँडवर मिटवावं का पोलिसात जावं?

मांजराकाठ | सकाळी ६:५०

सगळ्यांना नमस्कार. घाईत लिहायलोय, समजून घ्या.

काल सांजच्याला चाकूर-अहमदपूर रस्त्यावर माझ्या चुलत भावाच्या पिकअपची एका मावशीला धडक बसली. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन उतरवून तो रिकामी गाडी घेऊन माघारी यायला होता. मावशीच्या डोक्यावर गवताचा भारा होता, दुभाजकाच्या फटीतून त्या रस्त्यावर आल्या. भारा पुढं डोळ्यांवर झुकलेला, त्यामुळं त्यांना गाडी दिसली नसावी. भावानं ब्रेक दाबला, गाडी कडेला ओढली, तरी बंपरचा कोपरा मांडीला लागला.

भाऊ पळाला नाही. लोक जमले, दोन-चार चापटा बसल्या. गावातल्याच एका गुरुजींनी त्याला बाजूला घेतलं आणि १०८ ला फोन लावला. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून लातूरचा सरकारी दवाखाना. मांडीचं हाड मोडलंय, पायाला वजन लावलंय, रॉड टाकावा लागंल म्हणायलेत. मावशी शुद्धीवर आहेत, बोलायलेत. भाऊ रात्रभर तिथंच बसून होता.

आता खरा पेच. मावशीची पोरं रात्री म्हणाली, दोन लाख द्या, आम्ही पोलिसात जात नाही, ५०० च्या बाँडवर लिहून देतो. आमचे थोरले चुलते म्हणायलेत की हेच बरं, ठाण्याची पायरी नको, गाडी अडकंल, पोरगं आत जाईल. इन्शुरन्स चालू आहे, लायसन आहे, भाऊ माळकरी आहे म्हणजे दारूचा विषयच नाही. माझं मन बाँडला तयार होईना गेलंय, पण चुलत्यांपुढं बोलायला माझ्याकडं पक्की माहिती नाही. दुपारी बैठक बसायलीय. कुणाला ठाऊक असंल तर त्याआधी सांगा.

रातपाळी | सकाळी ७:१५

दादा, मी मराठवाड्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात अपघात विभागात सिस्टर आहे. बैठकीचं नंतर बघू, आधी मावशीचं.

मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत खूप रक्त जातं, एक लिटरच्या वरही. बाहेर थेंब दिसत नाही, मांडी फक्त सुजलेली दिसते. दरदरून घाम, थंडगार हातपाय, बडबड किंवा गुंगी यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरला हाक मारा. डोक्याला मार लागलाय का, हेही विचारून घ्या. आपटलेलं माणूस दोन-चार तास चांगलं बोलतं आणि मग शुद्ध हरपते, असं डोक्यात रक्त साचल्यावर होतं. वय झालेलं असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरं, केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का आहे का बघा. अपघाताचा पेशंट आला की दवाखाना एमएलसी करतो आणि पोलिसांना कळवतो. नातेवाईक नको म्हणाले म्हणून ती थांबत नाही. त्यामुळं तुमचे चुलते ज्या ठाण्याला टाळायलेत, तिथं खबर रात्रीच पोचली असणार. त्या नोंदीत गाडीचा नंबर आणि “कशाने लागलं” हे बरोबर लिहिलंय ना, एवढं तपासा. पुष्कळदा नातेवाईक घाबरून “पाय घसरून पडली” सांगतात, आणि पुढं तेच वाक्य पेशंटच्या मुळावर येतं.

आणि एक विचारू का? पोरं दोन लाख म्हणाली, चुलते हो म्हणाले. मावशी शुद्धीवर आहेत ना? त्यांना कुणी विचारलंय का?

कोर्टाची_पायरी | सकाळी ७:४०

लातूरला मोटार अपघाताचे दावे चालवतो. सिस्टरताईंच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण कायद्यातही तोच मुद्दा आहे. जखमी मावशी आहेत. भरपाईचा हक्क त्यांचा. त्या शुद्धीवर असताना त्यांच्या पोरांनी बाँडवर केलेल्या सहीला काय किंमत?

भावानं काय करायला हवं ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये सरळ लिहिलंय. जखमीला उपचार मिळवून द्यायचे, ते त्यानं केलं. जवळच्या ठाण्यात जाऊन घटना सांगायची, जास्तीत जास्त २४ तासांत. अपघात काल सांजेचा, म्हणजे आज सांजेच्या आत. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, जखमीचं नाव, चालकाचं नाव आणि लायसन. हे टाळलं तर कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. म्हणजे रात्रभर दवाखान्यात बसलेल्या पोराला तुमची बैठक गुन्हेगार करून ठेवंल.

“आत जाईल” ही भीती मोठी आहे म्हणून तेही सांगतो. हाड मोडलंय म्हणजे गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आणि बेदरकार चालवल्याचा आरोप म्हणून २८१ लागंल. दोन्ही जामीनपात्र आहेत. जामीनदार सोबत घेऊन जा.

बाँडनं हा गुन्हा मिटत नाही. १२५ ची तडजोड कोर्टाच्या परवानगीनंच होते आणि २८१ तर तडजोडीच्या यादीतच नाही. खटलाच रद्द करून घ्यायचा तर हायकोर्टात, म्हणजे आपल्याकडं औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. देव न करो, पण ऑपरेशननंतर मावशीचं काही बरंवाईट झालं तर निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १०६ लागू होतं आणि तो बाँड तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढं येतो.

बालाघाट | सकाळी ८:०५

वकीलसाहेबांचा मान राखून वेगळं सांगतो. आमच्या भागात दहातली नऊ प्रकरणं बसूनच मिटतात, आणि त्याला कारण आहे. कोर्टात वर्षानुवर्षं जातात, तारखेला जायला-यायला रोजगार बुडतो. मावशीच्या घरात आज पैसा लागणार, दावा कधी निकाली निघंल कुणी सांगावं? दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून मोकळी होत असतील तर वाईट काय? एकाच तालुक्यातली माणसं, उद्या बाजारात तोंड दाखवायचंय.

कोर्टाची_पायरी | सकाळी ८:३०

बालाघाट, तुमचं म्हणणं खोटं नाही, वेळ लागतो. पण ५०० च्या बाँडवर मावशी काय सोडायलीय ते बघा. दाव्यात उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, सांभाळायला थांबलेल्या माणसाचा खर्च, पुढची औषधं आणि पाय आखूड राहिला तर कायमचं अपंगत्व, हे सगळं धरतात. शेतात राबणाऱ्या, घर चालवणाऱ्या बाईला उत्पन्न नाही असं कंपनी म्हणू शकत नाही. घरकामाचंही मोल धरायचं, हे सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये पुन्हा बजावलंय. दोन लाख पोरांच्या हातात पडले आणि वर्षभरानं रॉड काढायची वेळ आली, तर त्या बाईनं कुणाकडं बघायचं?

आणि ते दोन लाख भावानं खिशातून का द्यावेत? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो रस्त्यावरच्या माणसासाठीच. दरवर्षी हप्ता भरायचा आणि वेळ आली की घरातली म्हैस विकून पैसे द्यायचे, हे मला कधीच पटलेलं नाही. विम्याचे पैसे मिळवायचे तर पोलिसाचा कागद लागतो. बाँडमुळं नेमका तोच तुटतो.

वेळेबद्दल दोन गोष्टी. गंभीर दुखापतीत चूक कुणाची हे सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख मागता येतात, मृत्यू असेल तर ५ लाख. पण तो मार्ग घेतला की कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, मोठा दावा बंद होतो, म्हणून निवड विचार करून करा. आणि १६६ च्या दाव्यातही लोकअदालतीत बसून मिटवता येतं. तुम्ही म्हणता ते समोरासमोर बसणं तिथं न्यायाधीशांसमोर होतं, पैसे विमा कंपनी भरते आणि ते मावशीच्या खात्यात जमा होतात. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिने आहे, ती आखरीपर्यंत ताणू नका.

जुना_जमादार | सकाळी ९:१०

पोलीस खात्यातून निवृत्त. ठाण्यात काय होतं ते सांगतो म्हणजे पोरगं घाबरणार नाही.

ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथं जा. दुसऱ्या ठाण्यातही तक्रार शून्य नंबरनं घेतात, पण आपल्या माणसानं हद्दीतल्याच ठाण्यात गेलेलं बरं, तपास तिथंच होणार. सोबत आरसी, लायसन, विमा, पीयूसी, फिटनेस यांच्या झेरॉक्स आणि मूळ कागद. ठाणे अंमलदाराला घडलं तसं सांगायचं. “ती अचानक आली” एवढंच घोकू नका. वेग किती होता, भारा कुठं दिसला, ब्रेक कुठं लागला, हे सांगा. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसंल तर वाचून दाखवा म्हणायचं.

दारूची तपासणी करा असं भावानं स्वतःच म्हणावं. आता वेळ गेलाय, पण रात्री दवाखान्यात रक्त घेतलं असेल तर नोंद असंल. कायद्याची हद्द १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माळकरी माणसाला ही तपासणी म्हणजे ढालच.

गाडी कुठं आहे? धुऊ नका, बंपर सरळ करू नका. पंचनामा होतो, मग आरटीओचे इन्स्पेक्टर ब्रेक तपासून अहवाल देतात. त्यानंतर वकिलामार्फत कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागंल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गाडी सुटते. कागद पुरे असतील तर त्यात फार अडत नाही. गाड्या सडतात त्या विमा नसलेल्या, नाहीतर मालक फिरकत नाही अशा.

त्या गुरुजींचं नाव साक्षीदार म्हणून सांगा. त्यांना भीती वाटत असंल तर समजावून सांगा: मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात डांबून ठेवता येत नाही, साक्षीदार व्हायचं का नाही ही त्यांची मर्जी. २०१६ पासून सुप्रीम कोर्टाचेच तसे आदेश आहेत.

लालपरीवाला | सकाळी ९:४५

चापटांचं वाचून लिहायलोय. नव्या कायद्यात “पळाला तर दहा वर्षं” आलं म्हणून जानेवारी २०२४ ला ड्रायव्हर संपावर गेले होते, पंपावर रांगा लागल्या होत्या, आठवत असंल. ते कलम १०६(२). बाकी संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. तरी ड्रायव्हर लोकांच्या मनात भीती बसली ती बसलीच, आणि भ्यालेलं माणूस पळतं.

म्हणून हे सगळ्या ड्रायव्हर भावांनी ध्यानात ठेवावं. जमाव मारायला उठला तर जीव वाचवायला निघून जाणं म्हणजे पळून जाणं नाही. कलम १३४ मध्येच जमावाच्या संतापाचा अपवाद लिहिलाय. मात्र निघाल्यावर थेट पोलीस चौकी किंवा ठाणे गाठायचं, आणि वाटेतूनच ११२ ला फोन करायचा: अमुक किलोमीटरचा दगड, माणूस जखमी आहे, अँब्युलन्स पाठवा, मी ठाण्यात यायलोय. फोनची वेळ नोंदली जाते. जो ढाब्यावर गाडी लपवतो त्याला हा अपवाद नाही.

आणि जमाव शांत असंल तर हलू नका. आधी हॅझर्ड लाइट, मग गाडीमागं माणूस उभा करा. रात्री पडलेल्या माणसावर दुसरी गाडी येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्गाचा मदत नंबर १०३३ पण चालतो.

रातपाळी | सकाळी १०:०५

लालपरी दादांच्या बोलण्याला जोडून. जखमीला दोघांच्या मधी मोटारसायकलवर बसवून आणतात, ते बंद करा. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चार जणांनी मिळून फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलायचं. पाणी पाजू नका. सगळे मायेपोटी पाजतात, पण ऑपरेशन करायचं तर पोट रिकामं लागतं आणि गुंगीत पाणी श्वासनळीत जातं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ पंचा घडी करून तळहातानं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हळद, चुना काही भरू नका.

पैशाचं म्हणाल तर २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना आहे. अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत, योजनेतल्या दवाखान्यात. त्याला पोलिसांचा दुजोरा लागतो. शिवाय महात्मा फुले योजना आहेच. म्हणजे नोंद नको म्हणणारी पोरं आईचे उपचारही अवघड करायलीत. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यांच्यावर राग धरू नका.

पायवाट | सकाळी १०:५०

मी पलीकडच्या बाजूचा आहे. माझे वडील रस्त्यानं पायी जात असताना गेले. पहाटे दूध घालायला निघाले होते. कोणती गाडी होती ते आजवर कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचले असते. ते किती वेळ तिथं पडून होते हे आम्हाला माहीत नाही, आणि माझी आई अजून तेच विचारते.

म्हणून तुमच्या भावाला सांगा की तो थांबला ही लहान गोष्ट नाही. मावशीच्या पोरांना आज राग असंल, उद्या कळंल.

इथं वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात आमच्यासारखं घडलं असेल तर गाडी सापडली नाही म्हणून गप्प बसू नका. सरकारची हिट अँड रनची भरपाई आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५०,०००, १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात जातो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एफआयआरची प्रत, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट किंवा जखमेचा दाखला, आधार, बँक पासबुक एवढं लागतं. आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पोलिसांनीही सांगितलं नाही.

माळावरची_आक्का | सकाळी ११:२०

कुणी चिडू नका पण विचारते. विमा संपलेला असंल तर? आमच्या पुतण्याच्या टेम्पोचा चार महिने झाले भरला नाही. रोज ऊसतोड्यांच्या खोपीपुढून जातो.

कोर्टाची_पायरी | सकाळी ११:३५

आक्का, आज दुपारच्या आत भरायला सांगा, टेम्पो तोवर दारात उभा ठेवा. विमा नसला की भरपाई मालकाच्या अंगावर येते. दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली लागते. शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि पलीकडच्या जखमी माणसाच्या हातात निकाल असून पैसा येत नाही, ते त्याहून वाईट.

मांजराकाठ, तुमच्यासाठीही एक: भावाचं लायसन हलक्या वाहनाचं असेल आणि कंपनीनं “पिकअप व्यावसायिक आहे” असं खुसपट काढलं तर घाबरू नका. ७,५०० किलोच्या आतल्या वाहनाला तेच लायसन चालतं, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शिक्कामोर्तब केलंय.

मांजराकाठ | रात्री ९:३०

सगळ्यांचे उपकार मानतो. बैठक झाली, पण दवाखान्यात मावशीच्या खाटेजवळ झाली.

सिस्टरताई, तुमचं ऐकून मी आधी मावशीलाच विचारलं. त्या म्हणाल्या, म्हशीला वैरण कोण टाकायलंय ते सांगा आधी. धाकटा लेक म्हणाला मी टाकली. मग म्हणाल्या, मला पैशाचं कळत नाही, पाय चालता झाला पाहिजे, खुरपायला बसता आलं पाहिजे. त्यावर थोरला लेक गप्पच झाला. मी वकीलसाहेबांचं लिहिलेलं मोबाईलवर वाचून दाखवलं. कॅशलेसचं ऐकल्यावर पोरंच म्हणाली, चला ठाण्यात. दोन लाख त्यांनी ऑपरेशनच्या धास्तीनं मागितले होते. कुणीतरी बाहेरच्या दवाखान्याचा आकडा त्यांच्या डोक्यात घातला होता.

चुलते आधी फणफणले. जामीनपात्र आहे म्हटल्यावर मात्र स्वतःच जामीनदार म्हणून आले.

पाचच्या आत ठाण्यात पोचलो. जबाब झाला, भावाला जामिनावर सोडलं, गाडी ठाण्यात लागली. एमएलसीत “रस्ता अपघात” होतं, पण गाडीचा नंबर नव्हता. तो मावशीच्या आणि भावाच्या जबाबात आलाय. कंपनीला ईमेल केला आणि शाखेत अर्ज देऊन पोच घेतली.

दोन गोष्टी राहिल्यात. भाऊ जेवायला तयार नाही, डोळे मिटले की भारा दिसतो म्हणतो. आणि त्याला मावशीच्या खर्चासाठी काहीतरी द्यायचंय. दिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं का?

कोर्टाची_पायरी | रात्री ९:५५

माणुसकीनं दिलेली मदत म्हणजे कबुली नाही. रोख देऊ नका. मावशीच्या खात्यावर टाका, शेरा “औषधोपचारासाठी मदत” लिहा. मेडिकलचं बिल भरलं तर पावती मावशीच्या नावानं घ्या आणि मूळ पावती त्यांच्याच पोरांकडं द्या, दाव्यात ती लागणार आहे. त्या बदल्यात कुठल्याही कागदावर सही मागू नका.

पोरांना हेही सांगून ठेवा: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, प्रत्येक चिठ्ठी एका पिशवीत. पाय पूर्ववत झाला नाही तर अपंगत्वाचा दाखला घ्यावा लागंल. पोलिसांना पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. परवा ठाण्यात जाऊन तो गेला का विचारा. माझी बाजू गाडीवाल्याची का जखमीची असं कुणी विचारंल, पण या कामात दोघांचे कागद एकच असतात.

रातपाळी | रात्री १०:२०

भावाला एकटं झोपू देऊ नका काही दिवस. त्याला मावशीला भेटायचं असेल तर पोरांना विचारून, दिवसा, सोबत कुणालातरी घेऊन जाऊ द्या. झोप लागेना, छाती धडधडते, गाडीत बसवत नाही, असं पंधरवडाभर राहिलं तर लातूरच्याच सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढा.

ऑपरेशनला रक्त लागतं. भावाला काही करावंसं वाटायलंय ना? उद्या सकाळी नाष्टा करून रक्तपेढीत जाऊ द्या. गट कोणताही असला तरी चालतो, मावशीच्या नावावर बदली रक्त म्हणून लिहून घेतात.

मांजराकाठ | रात्री १०:३५

सांगितलं त्याला. जेवायला बसलाय.